चौदा इंची भिंत

१

कान तपासायच्या खोलीत घड्याळ लावत नाहीत. लावलं तर माणूस टिकटिक ऐकूनच बटण दाबत सुटतो.

ताईच्या दवाखान्यातली ती खोली म्हणजे मोठ्या कपाटाएवढी एक पेटी होती. आतून भिंतभर राखाडी स्पंजाचे सुळके, वीतभर जाडीचं दार, एक खुर्ची, हेडफोन आणि हातात धरायचं बटण. काचेच्या अलीकडे ताई बसायची आणि बारीक बारीक आवाज आत सोडायची. "आवाज आला की दाबा, कितीही बारीक असला तरी दाबा, नाही आला तर दाबू नका." हे वाक्य तिने इतक्या जणांना सांगितलं होतं की ही झोपेतसुद्धा हेच बरळत असणार, असं तिची भावजय म्हणायची.

मधूनच ताई काहीच सोडत नसे, नुसती थांबे. ही तपासणीची जुनी रीत होती: रिकाम्या जागी कोण दाबतं ते बघायचं. घाबरट माणसं दाबत. आगाऊ पोरं दाबत. पण सगळ्यांत ठामपणे दाबत ती घरातलं कुणी नुकतंच गेलेली माणसं. त्यांचा अंगठा जरासुद्धा अडखळत नसे. ताईने हे कधी कुणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं.

भावजय तापाने गेली. त्यानंतर एका दुपारी दवाखाना रिकामा असताना ताई स्वतःच आत जाऊन बसली आणि दार ओढून घेतलं. बाहेर यंत्रापाशी कुणीच नव्हतं. त्या पेटीत आधी आपला श्वास ऐकू येतो, मग काळीज, मग कानातलं रक्त. ताई बराच वेळ बसली. तिने बटण दाबलं नाही. आपण शहाण्या निघालो याचं तिला बरं वाटलं, आणि दार उघडताना तितकंच वाईट वाटलं.

२

नणंद-भावजयीचं नातं विळ्या-भोपळ्याचं म्हणतात. या दोघींचं तसं नव्हतं. दोघी मिळून धाकट्याची, म्हणजे ताईच्या भावाची, टिंगल करत आणि त्यातच त्यांचं जमून गेलं होतं.

धाकटा गवंडी होता. ताईने पुस्तकं धरली, त्याने थापी धरली. त्याच्या भिंतीला ओळंबा लावला तर ओळंब्याची दोरीच लाजेल, असं लोक म्हणत. वस्तीच्या टोकाला त्याने स्वतःच्या हाताने घर बांधलं, अगदी शेवटचं. पलीकडे नुसतं माळरान. बांधकाम चालू असताना भावजय भिंतीच्या दुसऱ्या बाजूला उभी राहून त्याला विटा द्यायची. वीट बसवली की सांध्यातून माल, म्हणजे कालवलेलं सिमेंट, बाहेर येतो. आपल्या बाजूचा माल गवंडी थापीने कापून घेतो, पलीकडचा तसाच लोंबत राहतो. "सांधा बघून सांगेन, गवंडी कुठल्या बाजूला उभा होता," असं तो ऐटीत म्हणे. त्यावर भावजय म्हणे, "हो, सरळ बाजू सगळ्या जगाला, आणि लोंबकळती बाजू माझ्या वाट्याला."

आता त्या घरात तो आणि त्याची मुलगी, दोघंच. मुलगी अंगाने लहानखुरी, पण सदा काहीतरी उचलून इकडून तिकडे नेणारी, म्हणून तिला सगळे मुंगी म्हणत. दर रविवारी सकाळी ताई जायची, डबा न्यायची, मुंगीला न्हाऊ घालायची. भावजय तिची चौपेडी वेणी घालत असे, चार बटांची, घट्ट, दोरासारखी गोल. ती दुसऱ्या कुणालाच येत नव्हती. ताईने दोनदा करून बघितली आणि दोन्हीदा तिचा बोळा झाला. मग तिपेडीवरच भागवायचं ठरलं. मुंगीने काही तक्रार केली नाही. तक्रार केली असती तर बरं झालं असतं.

त्या रविवारी ताईने तिच्या डोक्यावर पहिला तांब्या ओतला आणि पाणी लाल वाहिलं.

ताईने तांब्या खाली ठेवला. मग तिने ते पाणी बोटांत चोळून पाहिलं. खरखरीत होतं. विटेची भुकटी. केसांच्या मुळापर्यंत बसलेली.

"कुठे लोळलीस गं?"

"कुठे नाही," मुंगी डोळे मिटून म्हणाली. "मी जवळ बसते ना. बाबा भिंत पातळ करतात तेव्हा."

३

निजायच्या खोलीतला पलंग मधोमध ओढलेला होता. भावजयीची उशी जिथे असे, तिथे, त्या उंचीवर, भिंतीत एक चौकोन कोरलेला होता. कडा अगदी सुरेख, जणू देखणा कोनाडा करायला घेतलाय. खाली छन्नी, हातोडी, विटेच्या चुऱ्याची दोन-तीन घमेली. धाकटा जमिनीवर बसून हात पुसत होता. तो वाळला होता. कमरेच्या पट्ट्याला खिळ्याने नवीन भोकं पाडलेली दिसत होती. जेवतोस की नाही, असं ताईने विचारलं, आणि मग, उगाच बोलायचं म्हणून, कोनाडा कशाला, असं विचारलं.

"कोनाडा नाही," तो म्हणाला. "ग्रंथात सांगितलंय ते करतोय."

त्यांच्यात कुणी गेलं की घरी ग्रंथ वाचत. प्रवचनकार आजोबा येत. दात नवे, श्वास जुना, पण आवाज अजून खणखणीत. त्यातल्या चार ओळी सगळ्यांना पाठ होत्या:

*गेलेला भिंतीपलीकडे आहे.*
*भिंत पातळ कर, तो ऐकू येईल.*
*अजून पातळ कर, त्याचा हात लागेल.*
*जो लहान होईल, त्याला वाट मिळेल.*

आणि तितकाच पाठ होता तो अर्थ, जो आजोबा त्याच दमात सांगत: भिंत म्हणजे मीपणा, लहान होणं म्हणजे नम्र होणं, वाट म्हणजे शांती. ओळी आणि अर्थ इतके चिकटून येत की ग्रंथ कुठे संपला आणि आजोबा कुठे सुरू झाले हे कुणी कधी पाहिलंच नव्हतं. भावजयीच्या वेळी मात्र चौथ्या ओळीनंतर आजोबांना ठसका लागला. कुणी पाणी आणलं, कुणी पाठ चोळली. सावरल्यावर ते पुढचंच पान वाचू लागले. अर्थ राहिला तो राहिलाच. ताईच्या ते लक्षात आलं होतं. म्हातारं माणूस आहे, चालायचंच, असं तिने मनात म्हटलं होतं.

धाकट्याने त्या ओळी त्या दिवशी पहिल्यांदा उघड्या ऐकल्या.

ताईने त्याला समजावलं, जसं शिकलेली थोरली बहीण समजावते तसं. भिंत म्हणजे ही भिंत नव्हे. आधी रागावून, मग मायेने. छप्पर याच भिंतीवर आहे हेही सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाला, "ताई, मी जन्मभर नकाशा वाचून भिंती बांधल्या. नकाशात भिंत लिहिली की भिंत बांधायची. तिथे मीपणा बांधून चालत नाही. ज्याने तो ग्रंथ लिहिला त्याला 'मीपणा' हा शब्द येत नव्हता का?"

 ताईने शहाण्या माणसाने करावं ते केलं. किती पोखरलंय ते बघायला बाही सारून हात आत घातला.

कोपरापर्यंत गेला. दंडापर्यंत गेला. खांदा कडेला टेकला आणि अडला, गाल भिंतीच्या गार प्लास्टरला लागला, तरी बोटांना पुढे काहीच लागलं नाही.

४

भिंत चौदा इंची होती. दीड विटेची. बांधताना ताईने स्वतः पाहिलेली.

ती उठून बाहेर गेली, घराला वळसा घालून मागच्या बाजूला. तिथे ऊन होतं, वाळकं गवत, नळाचा पाइप, एक सरडा. भिंतीचं बाहेरचं प्लास्टर जसंच्या तसं, साधी चीरसुद्धा नाही. तिने हाताने सगळीकडे थापटून पाहिलं. भिंत भरीव वाजली. कानाचाच धंदा होता तिचा. पोकळ आणि भरीव यांत तिची चूक होणार नव्हती.

परत आत आली. धाकट्याने तिच्याकडे न बघता कमरेची टेप काढून पुढे केली. ताईने पोलादी पट्टी भोकाच्या तळावरून आत सरकवायला सुरुवात केली. चौदाचा आकडा कडेवरून आत गेला. मग चाळीस, मग शंभर. पट्टी सरकत राहिली, सरकत राहिली, आणि शेवटी टेपची डबीच भोकाच्या कडेला येऊन टेकली. टेप संपली होती.

"चौदा इंचांनंतर चुरा निघायचा बंद झाला," तो म्हणाला. "मग मी छन्नी खाली ठेवली. नुसता हात पुढे करत गेलो."

ताई कारणं शोधत होती. भिंतीत एखादी पोकळी राहिली असेल. पट्टी आतल्या आत वळली असेल. ऊन लागलं असेल आपल्याला. तिने डबीची कळ सोडली. टेप कशी परत येते ते सगळ्यांना माहीत आहे: सटकन, फटका मारत, बोट सांभाळावं लागतं. ही तशी आली नाही. हळूहळू आली, एका वेगाने, जसं पलीकडच्या टोकाला कुणीतरी धरलंय आणि लहान मुलाला लागू नये म्हणून जपून सोडतंय.

ताईने कान जवळ नेला. न्यायचा नव्हता, पण नेला.

दवाखान्यातल्या पेटीची शांतता तिला घरच्यासारखी ओळखीची होती. ही तिच्याही पलीकडची होती. इथे तिला आपलं रक्त ऐकू येईना, काळीज ऐकू येईना. जणू तिच्या अंगातला सगळा आवाज कुणी अदबीने बाजूला काढून ठेवला होता, पाहुणा यायचा म्हणून पसारा आवरावा तसा. लहानपणी ती एकदा पहाटे समुद्राच्या काठावर एकटी उभी राहिली होती. पाणी दिसत नव्हतं, पण समोर काहीतरी अफाट आहे हे तळपायांना कळत होतं. तसंच आत्ता. ती भीती नव्हती. भीतीत निदान आपण कुठे उभे आहोत हे तरी ठाऊक असतं.

आणि मग त्या शांततेत एक अगदी बारीक आवाज झाला. शब्द नव्हे. बोलायला लागण्याआधी माणूस श्वास घेतो, तो.

ताईने कान झटकन मागे घेतला. पुढे काय बोललं जाणार, हे तिला कळून घ्यायचं नव्हतं.

"ऐकू आलं ना?" धाकट्याने विचारलं.

"नाही," ताई म्हणाली.

तिच्या उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर घट्ट दाबलेला होता. तो तिने हळूच सोडवला.

५

दुसऱ्या दिवशी दवाखान्याआधी ती प्रवचनकार आजोबांकडे गेली. ते खिडकीशी बसून बशीतून चहा पीत होते. ताईने भोकाचं काही सांगितलं नाही. कोण विश्वास ठेवणार, आणि ठेवला तर आणखी पंचाईत. एवढंच सांगितलं की धाकट्याने चार ओळी शब्दशः घेतल्या आहेत, तेव्हा तुम्ही या आणि त्याला अर्थ सांगा, माझं तो ऐकत नाही.

आजोबा हसतील असं तिला वाटलं होतं. त्यांनी बशी खाली ठेवली.

"त्या दिवशी मला ठसका लागला," ते म्हणाले.

"हो. त्यात काय एवढं."

 आजोबांनी सांगितलं की ते तरुणपणी ग्रंथ वाचायला शिकले तेव्हा त्यांच्या गुरूंनी ग्रंथातलं बाकी सगळं कसंही वाच म्हणून मोकळीक दिली होती. चुकलास तरी चालेल, पान गाळलंस तरी चालेल. फक्त या चार ओळी वाचल्या की अर्थ त्याच दमात सांगायचा. मध्ये श्वाससुद्धा घ्यायचा नाही. दम पुरावा म्हणून ते त्यांना टेकडी चढायला लावत, आणि वर पोचल्या पोचल्या त्या ओळी म्हणायला सांगत.

"का, असं विचारलं नाही तुम्ही?"

"विचारलं. गुरू म्हणाले, घराला भिंत असते ती का असते?" आजोबा म्हणाले. "अर्थ आमच्या आधीच्यांनी रचला, पोरी. ग्रंथात तो नाही. लोकांना वाटतं, आम्ही ओळी समजावून सांगतो. आम्ही ओळींवर प्लास्टर करतो."

 ताई जायला उठली तेव्हा आजोबांनी तिला थांबवलं आणि आणखी एक गोष्ट सांगितली, अगदी हळू आवाजात, जणू ग्रंथाने ऐकू नये. त्या ओळींत 'गेलेला' एवढंच आहे, 'तुझा' असं कुठेही नाही. हाताचं आहे, चेहऱ्याचं नाही. वाटेचं आहे, परत येण्याचं नाही. "शब्दाला शब्द धरून चालणाऱ्याला तेवढंच मिळतं, जेवढं लिहिलंय," आजोबा म्हणाले. "भावाला सांग. नाहीतर मीच येतो, या गुडघ्यांना विचारून."

गुडघे नाही म्हणाले असावेत. आजोबा त्या आठवड्यात आले नाहीत.

६

मुंगी आज शाळेत आली नाही, असा फोन ताईला दवाखान्यात दुपारी आला. पेटीत एक म्हातारे गृहस्थ हेडफोन लावून बसले होते. ताईने त्यांना बाहेर काढलं, उद्या या म्हणाली आणि तशीच निघाली. वाटेत रिक्षात बसल्यावर तिला चौथी ओळ आठवली. जो लहान होईल, त्याला वाट मिळेल. लहान. तिने रिक्षावाल्याला दोनदा, जोरात हाकला, म्हणून सांगितलं, आणि त्याने, बाई, हे विमान नाही, म्हणून ऐकवलं.

घराचं दार उघडं होतं. निजायच्या खोलीत खिडकीतून उन्हाचा पट्टा आला होता आणि त्यातले धुळीचे कण सगळे एकाच दिशेला, संथ, ओढ्यातल्या पाण्यासारखे भोकाकडे वाहत होते. पडदा मात्र हलत नव्हता.

भोकातून दोन पाय बाहेर होते. पांढरे मोजे, एकाला टाचेवर रफू. ते रफू ताईनेच केलेलं.

धाकटा गुडघ्यांवर बसून तिचे घोटे धरून होता. तो ढकलत नव्हता, ओढतही नव्हता. वर कुणीतरी शिडीवर चढलंय आणि आपण खालून आधार देतोय, अशा निगुतीने धरून होता. ताईने त्याचा चेहरा पाहिला. लग्नाच्या दिवशी तो इतका आनंदात होता, त्यानंतर आजच.

"ताई, हळू," तो म्हणाला. "आत्ताच थांबलीय. बहुतेक भेट झाली."

ताईने त्याला खांद्याने बाजूला लोटलं आणि मुलीचे पाय धरले. ओढताना तिला तीच चाल जाणवली, टेपची: पलीकडून हिसका नाही, झोंबाझोंबी नाही, जपून, एका वेगाने सोडणं. मुंगी बाहेर आली. श्वास चालू होता, डोळे उघडे, गाल गार. ताईने तिला छातीशी धरलं आणि भिंतीपासून जितकं दूर जाता येईल तितकं, दुसऱ्या भिंतीपर्यंत, गेली.

"मुलीला घालतोस तिथे?" तिचा आवाज चढला नाही, चढायला छातीत जागाच नव्हती.

"माझे खांदे अडकतात," तो म्हणाला, खरंच समजावून सांगावं तसं. "खाणं सोडून पाहिलं. मांस जातं, हाडं कुठे नेऊ? ही लहान आहे."

"अरे, लहान होणं म्हणजे नम्र होणं."

"तिथे नम्र लिहिलंय का, ताई?"

ताईचा हात मुंगीच्या डोक्यावरून फिरत होता आणि तो मानेशी थबकला. मुलीने सकाळी केस मोकळेच सोडले होते. तिला स्वतःला वेणी येत नव्हती. आता तिच्या पाठीवर वेणी होती. घट्ट, दोरासारखी गोल. चौपेडी.

धाकट्यानेही ती पाहिली. तो जमिनीवर बसला आणि दोन्ही हात तोंडावर धरून लहान मुलासारखा रडू लागला.

ताईने मुंगीला विचारलं, आत कोण होतं. मुंगीने खूप विचार केला. ती खोटं बोलणाऱ्यांतली नव्हती.

"हात होते," ती म्हणाली.

"आईचे?"

"वेणी आईची होती." मग ती ताईच्या कानाशी आली. "आत्या, हातांच्या मागे कुणी नव्हतं."

७

जाताना ताईने भावाला दारात उभं केलं आणि सांगितलं की आज संध्याकाळच्या आत ते भोक बुजव. बुजवलंस तर मुंगी तुझी. नाही तर तिचं तोंड तुला दिसणार नाही, मग मला वैरीण म्हण नाहीतर काहीही म्हण.

त्याने एकदा भिंतीकडे पाहिलं. मग म्हणाला, "बुजवतो. शब्द दिला."

आपल्या घरी आल्यावर ताईने मुंगीची वेणी सोडवली. तशीच ठेवावी असा मोह व्हावा इतकी ती देखणी होती, म्हणूनच आधी सोडवली. सोडवता सोडवता तिच्या लक्षात आलं की बटा उलट्या फिरलेल्या आहेत. भावजय उजवी बट वरून घ्यायची. इथे प्रत्येक वेळी डावी वरून आली होती. घट्टपणा तोच, माया तीच म्हणावी इतका हात हलका. फक्त सगळं उलट्या बाजूने, जसं ही वेणी कुणीतरी आजवर समोरून, पलीकडून बघत शिकलं असावं.

तिने केस धुतले, विंचरले आणि तिपेडी घातली. ती जरा वाकडीच झाली. ताईला त्या वाकडेपणाचा फार आधार वाटला.

८

सकाळी ती एकटीच गेली. दाराला कडी लावलेली नव्हती. स्वयंपाकघरात त्याचं ताट धुऊन पालथं घातलेलं होतं. ताईने दोनदा हाक मारली.

भोक बुजलेलं होतं. त्याने शब्द पाळला होता. कोऱ्या विटा, वीट न वीट ओळीत, ओळंबा लावून रचलेल्या. माल अजून ओला, गडद. खोलीत भिंतीपाशी पाण्याचं घमेलं नव्हतं, कालवलेल्या मालाचा डाग नव्हता, थापी नव्हती. जमिनीवर त्याचा शर्ट घडी घालून ठेवलेला आणि त्यावर कमरेचा पट्टा, बक्कल लावलेला, अगदी शेवटच्या भोकावर. ते वेटोळं एवढंसं होतं की मुंगीच्याही कमरेला झालं नसतं.

ताईने पट्ट्यावरून नजर काढली आणि विटांकडे नेली. विटांत काहीतरी चुकलेलं होतं, आणि ते कळायला तिला दोन-तीन श्वास लागले.

प्रत्येक सांध्यातून माल बाहेर आला होता आणि तसाच लोंबत राहिला होता. तिच्या बाजूला. कुणी तो कापला नव्हता, थापी फिरवली नव्हती. वरच्या सांध्यापासून खालच्या सांध्यापर्यंत, ओघळलेला, ओबडधोबड, जसा तो नेहमी गवंड्याच्या पलीकडे राहतो.

ताई भिंतीसमोर उभी राहिली. घराला वळसा घालून मागे जाऊन बघायची तिला गरज वाटली नाही. तिथे ऊन असणार, गवत, पाइप, सरडा आणि अखंड प्लास्टर. भावजयीचे शब्द तिला आठवले, लोंबकळती बाजू माझ्या वाट्याला, आणि ती आता कुणाच्या वाट्याला आली हेही कळलं. कान लावावा असं तिला एकदा, फक्त एकदा, वाटलं. भिंतीच्या आतून थापीच्या दांड्याने वीट ठोकल्यासारखा टक टक आवाज येतोय असं वाटलं, आणि तो थांबला. तिने दोन्ही हात पदराखाली घेतले, अंगठे मुठीत घट्ट धरले, आणि ती पाठ न फिरवता, एखाद्या मोठ्या माणसासमोरून जावं तशी, मागे मागे पावलं टाकत खोलीबाहेर आली.

९

शोधाशोध झाली. पोलीस आले, माळरान पालथं घातलं, विहिरी पाहिल्या. बायको गेलेला माणूस, कुठेतरी निघून गेला, असं लोक म्हणाले आणि मग म्हणायचेही थांबले. भिंत फोडून बघा, असं कुणी सुचवलं नाही. ताईने सुचवू दिलं नाही. घर बंद केलं. मुंगी ताईकडे राहायला आली, तिच्यासोबत तिच्या दहा-बारा पिशव्याही आल्या, आणि हळूहळू दोघींची घडी बसली.

प्रवचनकार आजोबा पुढच्या थंडीत गेले. त्यांच्या घरी ग्रंथ वाचायला कुणी उरलं नव्हतं, म्हणून शेजारपाजारच्यांनी ताईला गळ घातली. शिकलेली आहेस, आवाज स्वच्छ आहे. ताई नाही म्हणत होती. मग तिच्या मनात आलं की आपण नाही म्हटलं तर दुसरं कुणीतरी वाचेल, आणि कुठेतरी थांबेल.

ती रोज पहाटे टेकडी चढू लागली.

वाचनाच्या दिवशी खोली माणसांनी भरली होती. मुंगी पुढेच बसली होती, वाकडी तिपेडी वेणी, मांडीवर कुणाची तरी उचलून आणलेली उशी. पान आलं तसा ताईने छाती भरून श्वास घेतला आणि वाचायला लागली. गेलेला भिंतीपलीकडे आहे. भिंत पातळ कर, तो ऐकू येईल. अजून पातळ कर, त्याचा हात लागेल. समोर एक तरुण विधवा बसली होती. तिचे डोळे एकदम मोठे झालेले ताईला दिसले. जो लहान होईल, त्याला वाट मिळेल. आणि त्याच दमात, न थांबता, न तुटता, विटेवर वीट बसवावी तसं ताई पुढे म्हणाली की भिंत म्हणजे मीपणा, लहान होणं म्हणजे नम्र होणं, वाट म्हणजे शांती. विधवेने मान खाली घातली आणि डोळे पुसले. ताईचा दम पुरला होता.

ओळी आणि अर्थ यांच्यामध्ये तिने श्वास घेतला नव्हता. केसभरही फट सोडली नव्हती.

तरी त्या फटीत कुणीतरी श्वास घेतला. अगदी बारीक, बोलायला लागण्याआधी माणूस घेतो तसा, आणि ताईचं म्हणणं संपेपर्यंत आतच धरून ठेवला.

खोलीत दुसऱ्या कुणाला तो ऐकू आला नाही. फक्त पुढच्या रांगेत, उशीच्या कडेवर, मुंगीचा अंगठा हळूच खाली दाबला गेला.